थोरली टाकी, धाकटी टाकी

प्लंबरकडे किस्से आपोआप साठतात, त्याला वही-पेन लागत नाही. लोक डॉक्टरला अर्धं सांगतात, वकिलाला पाव सांगतात, पण संडास तुंबला की प्लंबरला सगळं सांगावंच लागतं! सव्वीस वर्षं माधवनगरात पाइप जोडतोय मी. बरेचसे किस्से चहाबरोबर सांगून हसण्यासारखे आहेत. आज सांगतोय ते मात्र सगळे एकाच घरातले, आणि ते सांगताना मलाच मध्ये थांबावं लागतं. तेवढं सांभाळून घ्या.

घर सुभेदार नानांचं. मिलिटरीत गाड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रिटायर झाले आणि आमच्या कॉलनीत घर बांधून राहिले. त्यांची बायको म्हणजे अक्का. मिरजेला त्यांचं एक मोठं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण तेव्हापासून लघवी धरवेना. अर्ध्या तासाला जावंच लागायचं. एसटी कोण थांबवणार? आणि रस्त्यावरच्या संडासांचं तर नावच काढू नका, मी प्लंबर असून आत पाय टाकत नाही!

मग अक्कांनी घरच धरलं. लग्न नाही, बारसं नाही. जतच्या पलीकडं त्यांचं माहेर, तिथं भाऊ मेंढरं राखतो. ते माहेर सहा वर्षं बघितलं नव्हतं.

"मला दुसरं काय बी नको दिलीप," एकदा त्या मला म्हणाल्या. "फकस्त एकदा म्हायेरच्या उंबऱ्यावर बसून भाकरी खायची हाय."

नाना तिथंच पेपर वाचत होते. दुसऱ्या दिवशी कुपवाडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडं जाऊन बसले.

*

चार महिन्यांनी नानांच्या जीपला जोडून दोन चाकांची एक खोली कॉलनीत आली. आत कॉट, शेगडी, बेसिन आणि आतून कडी लागेल असा संडास. खाली दोन टाक्या. एक मैल्याची, एक भांड्याधुण्याच्या पाण्याची. बघायला सगळी कॉलनी जमली. नानांनी मला बोलावलं.

"दिलीप, फिरून आल्यावर ह्या टाक्या आपल्या घरच्या सेप्टिक टँकमधी सोडायच्या. सोय कर."

मी मापं घेतली. गाडी उभी करायची जागा खाली, घराचं चेंबर वर. म्हटलं, "नाना, पाणी चढत नसतंय."

"मग गाडी चढवू!" नाना म्हणाले, आणि आठवड्यात काँक्रीटचा चढ बांधून मोकळे.

मी त्यांना एकच नियम सांगितला. मैल्याची टाकी आधी सोडायची, पाण्याची नंतर. म्हणजे नंतरच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. नानांनी लगेच ऑइलपेंट काढला आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या वर लिहिलं, 'थोरली' आणि 'धाकटी'.

अक्का ओट्यावरून ओरडल्या, "थोरलीचा मान आधी! मी बी थोरली सून हाय, पर ह्या घरात थोरलीला मान आज पयल्यांदाच मिळतोय!"

*

पहिली फेरी जवळचीच, सांगलीला कृष्णेच्या घाटावर. अक्का तासभर पायऱ्यांवर बसल्या. दोनदा उठून गाडीत गेल्या, परत येऊन बसल्या. कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी पाइप जोडत होतो. क्लिप अजून आवळली नव्हती, आणि पलीकडून नानांनी व्हॉल्व्ह उघडला! पुढचं सांगत नाही. डोक्यापासून चपलेपर्यंत सगळं मीच झेललं.

"जागचा हलू नकोस!" नाना मिलिटरीच्या आवाजात ओरडले.

अक्का बादली घेऊन धावत आल्या. माझ्याकडं बघवेना त्यांना. डोळ्यांत पाणी. "माझ्यापायी तुझी ही दशा रं बाबा!"

मी म्हटलं, "अक्का, रोज अनोळखी माणसांचं अंगावर घेतो. तुमचं तर घरचंच की!"

अक्का एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की त्यांना तशीच बादली टाकून आत पळावं लागलं.

*

शेजारचे कुलकर्णी सर. हायस्कुलातून रिटायर. दोन घरांच्या मध्ये एकच कंपाउंड. सरांना हा प्रकार अजिबात पसंत नव्हता.

"सुभेदार, प्रवासातली घाण कॉलनीत आणून सोडायची, ही कुठली पद्धत?"

नाना शांतपणे म्हणाले, "सर, घरी बसलो असतो तरी इथंच गेली असती की. जरा फिरून आली, एवढंच!"

मला हसू आलं, सरांना नाही आलं. त्यांनी सोसायटीला दोन पानी अर्ज लिहिला. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती त्यात.

अर्जाचं काही झालं नाही. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. नानांच्या सेप्टिक टँकचं पाणी मुरतं त्या शोषखड्ड्याजवळ अक्कांचं अळू होतं. सुपाएवढी पानं. भांडी घासलेलं पाणी अक्का बादलीनं त्याच्या बुडाशी ओतायच्या. कॉलनीतल्या प्रत्येक घरी ते अळू जायचं. त्या आठवड्यात अक्का पानं घेऊन सरांच्या फाटकाशी गेल्या, तर सरांनी दारातूनच हात हलवला.

"नको. त्या पाण्यावरचं अळू आमच्याकडे चालणार नाही."

अक्का पानं घेऊन परत आल्या. मला सरांचा असा राग आला की त्यांचा गळका नळ मी पंधरा दिवस मुद्दाम दुरुस्त केला नाही. सरांच्या मिसेस खिडकीतून हे सगळं बघत होत्या. त्याही कधी घराबाहेर दिसायच्या नाहीत. का ते आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

*

नानांना मिलिटरीची स्वच्छता. एकदा त्यांना वाटलं, थोरलीला वास येतोय. फिनेलचा अख्खा कॅन टाकीत ओतला आणि ते सगळं घरच्या सेप्टिक टँकमध्ये सोडलं. चार दिवसांत घरचा संडास वर यायला लागला. वास तर असा, की सर नाकाला उपरणं लावून गच्चीवर जाऊन उभे!

मी झाकण उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "नाना, ह्या टाकीत जिवंत जंतू असतात. मैला खायचं काम तेच करतात. तुमी त्यांनाच मारलं!"

"सगळे?"

"सगळे."

"आरारारा! एवढे जवान!" नाना मटकन खाली बसले.

मी म्हटलं, सक्शनची गाडी बोलावून टाकी अर्धी उपसू, मग शेणकाला आणि गुळाचं पाणी सोडू, नवे जंतू तयार होतील. गूळ म्हटल्यावर नाना थेट सांगलीच्या यार्डात. मी काळा, पाघळलेला गूळ सांगितला होता. नाना आले ते पिवळीधमक ढेप घेऊन. एक नंबर माल!

अक्का दारात उभ्या होत्या. "आवं, संक्रांतीला घरात काळा गूळ आणलासा. आनि संडासाला ह्यो?"

नाना म्हणाले, "नवी भरती हाय. राशन चांगलं पायजे."

टाकी दोन आठवड्यांत चालू झाली. उरलेल्या गुळाच्या पोळ्या अक्कांनी केल्या. मी सहा खाल्ल्या.

*

मग ती माहेरची फेरी. वाटेत काही बिघडलं तर असावा म्हणून नानांनी मलाही घेतलं.

वाटेत एका नाक्यावर बंदोबस्त होता. एका लेडी कॉन्स्टेबलनं गाडी बाजूला घ्यायला लावली. "मागं काय आहे? दार उघडा."

आतून अक्कांचा आवाज आला, "थांब गं बाई, हुतंय माझं!"

कॉन्स्टेबल गडबडली. अक्का बाहेर आल्यावर तिनं आत डोकावून बघितलं. बेसिन बघितलं, कडी बघितली. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "काकू, मी सकाळपासून इथं उभी आहे. पाणीसुद्धा प्यायले नाही. आत जाऊ का?"

"जा की बाई! विचारतीस काय?" अक्कांनी तिची काठी स्वतःच्या हातात धरली.

बाहेर येऊन त्या पोरीनं नानांना कडक सॅल्यूट ठोकला. नानांनीही टाचा जुळवून परत केला. मग तिनं तिथल्या आणखी दोघींना हाक मारली, आणि आमची गाडी वीस मिनिटं नाक्यावर उभी राहिली. कुणी कागदपत्रं विचारली नाहीत.

माहेरी गेलो तर अक्कांचा भाऊ बिरूमामा वाटेवरच उभा. गाडीकडं बघून म्हणाला, "अक्के, एवढं रान पडलंय, आनि तू संडास संगं आणलास व्हय?"

"तुला न्हाई कळायचं त्ये," अक्का म्हणाल्या आणि त्याच्या गळ्यात पडून रडल्या. सहा वर्षांचं रडणं होतं ते.

मग त्या उंबऱ्यावर बसल्या. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं. जेवताना तीनदा उठावं लागलं. तिन्ही वेळा बिरूमामानं त्यांच्या ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि त्या येईपर्यंत स्वतः घास घेतला नाही. मी मेंढरांकडं बघत बसलो, दुसरं काय करणार!

निघताना मामा म्हणाला, "दाजी, त्यो टाकीतला बोजा कशाला वडत नेताय? सोडा की वढ्यात."

नाना म्हणाले, "त्या वढ्याचं पाणी तुमची मेंढरं पित्यात. आनि ह्ये आमचं हाय मामा. आमच्याच घरी जाईल."

एवढ्या लांबून ती टाकी आम्ही ओढत माधवनगरला आणली आणि मग सोडली. थोरली आधी, धाकटी नंतर.

*

आता शेवटचा.

दिवाळीनंतर अक्का परत माहेरी जाऊन आल्या. येताना चेहरा असा फुललेला, की नाना म्हणाले, "हिला म्हायेरचीच हवा लागती." गाडी चढावर लावली तोवर अक्कांना ताप भरला. मिरजेला नेलं. पाचव्या दिवशी अक्का गेल्या.

नाना रडले नाहीत. दिवस झाले, पाहुणे गेले. गाडी काँक्रीटच्या चढावर तशीच उभी होती. नानांचा शिरस्ता असा, की फिरून आलं की त्याच दिवशी टाक्या रिकाम्या. या वेळी दोन्ही भरलेल्या. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना झाला. वास कंपाउंडपलीकडं जायला लागला. कॉलनीत कुणी तोंडातून शब्द काढला नाही. मी दोनदा पाइप घेऊन फाटकापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो.

एका रविवारी सकाळी कुलकर्णी सर माझ्या दुकानात आले. "दिलीप, माझ्याबरोबर नानांकडे चल."

मी म्हटलं, "सर, पाया पडतो. अर्ज बिर्ज काही असेल तर आज नको."

सर वळले आणि चालायला लागले. मी मागून.

नाना ओट्यावर बसले होते. सर त्यांच्यासमोर उभे राहिले, शाळेत उशिरा आलेलं पोर उभं राहतं तसे.

"नाना," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी 'सुभेदार' सोडून 'नाना' म्हटलं. "आमच्या हिलाही तोच त्रास आहे. चार वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही. वाईला हिची बहीण आहे, ती अंथरुणावर आहे. ही रोज खिडकीतून तुमच्या गाडीकडं बघत बसते."

नानांनी खिडकीकडं बघितलं. खिडकीत सरांच्या मिसेस होत्या. त्यांनी पदर सावरला आणि मान खाली घातली.

मग नाना उठले. "दिलीप, पाइप आण."

मी पाइप जोडला. क्लिप आवळली, दोनदा तपासली. नानांनी पहिल्या व्हॉल्व्हवर हात ठेवला. "थोरलीचा..." म्हणाले, आणि तेवढ्यावरच व्हॉल्व्ह उघडला. थोरली रिकामी होईपर्यंत आम्ही तिघंही खाली बघत उभे होतो.

धाकटीला मी हात घातला, तर नाना म्हणाले, "थांब."

आत जाऊन अक्कांची बादली घेऊन आले. पाइप काढायला लावला आणि धाकटीचं पाणी बादलीत घेतलं. गढूळ, महिनाभराचं पाणी. वर तेलाचा हळदीचा तवंग. परतीच्या वाटेवर अक्कांनी कालवणाचं पातेलं धुतलं होतं, त्याचं. नानांनी बादली उचलली आणि अळूच्या बुडाशी सावकाश ओतली. मग दुसरी ओतली. तिसरी ओतली. मी मदतीला गेलो नाही.

बादली रिकामी झाली तसे सर पुढं आले. धोतराचा सोगा खोचून त्या ओल्या चिखलात उकिडवे बसले आणि अळूची चार पानं खुडली.

नाना त्यांच्याकडं बघत होते. मग म्हणाले, "देठासकट घ्या, सर. देठी लय चांगली करायची ती."