प्रकृती उत्तम, यान सुरळीत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतकी सोव्हिएत अंतराळवीरांची काळजी खुद्द सोव्हिएत देशातही कोणी वाहिली नसेल. तीही कथा-कादंबऱ्यांतल्या वीरांची! शाळकरी वयात नागपूरला पुस्तकांच्या गाडीवर घेतलेल्या गुळगुळीत कागदाच्या रशियन विज्ञानकथा सिंगापुरात यिशुनच्या फ्लॅटमध्ये बुद्धवंदनेच्या पुस्तकाशेजारी उभ्या असत. माणूस इंजिनिअर, खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरात कॉफी निवेपर्यंत कथेतल्या यानात प्राणवायू किती मिनिटं पुरेल ते टिश्यूवर मांडायचे आणि उत्तर आलं की खरोखर घाबरायचे. "अमेरिकन लेखक रशियन माणसाला यानात गोठवून मारतो," म्हणायचे, "आणि रशियन लेखक त्याला मरतानाही हसायला लावतो. हे जास्त भयंकर, लेका!" मुलगी वैतागायची, "पप्पा, सोव्हिएत युनियन गॉन ऑलरेडी लाह!" "देश गेला गं. पण वर सोडलेला माणूस? त्याला कोणी कळवलं?"

त्या कथांतला वीर काहीही बिघडलं तरी पृथ्वीला एकच निरोप धाडतो: प्रकृती उत्तम, यान सुरळीत. शेजाऱ्यांनी तो उचलला. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसातून वहिनींना रोज दुपारी तोच फोन. निरोप लागोपाठ दोनदा आला की वीर संपला समजावं, हा नियमही त्यांनीच मला शिकवला होता.

इतके दिवस बोललो नाही, आता सांगतो. एका रविवारी लिफ्ट बंद होती. जिना चढताना ते मध्येच बसले. छातीवर हात, ओठ पांढरे. मी फोन काढला, तर त्यांनी मनगट धरलं. "प्रकृती उत्तम, यान सुरळीत. हिच्या बहिणीचं लग्न आहे, कळलं तर तिकीट रद्द करेल. बोलू नकोस." आणि पुन्हा तेच वाक्य. मी हसलो. खरंच हसलो.

वहिनी लग्नाहून परतल्या त्याच आठवड्यात ते ऑफिसात कोसळले. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी दुखलं होतं का? वहिनी "नाही" म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.

ते वाचले. पण चार पावलं चालले की भिंत धरतात, आणि वर खुर्ची सरकली तरी मी जिन्याकडे धावतो. काल वहिनींना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"मला ठाऊक होतं, भाऊजी. त्या रविवारी घामाचा शर्ट त्यांनी स्वतः धुऊन खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातला. एवढ्या संसारात पहिल्यांदा. तरी मी बॅग भरली."

आतल्या खोलीत ते झोपले होते. आम्ही दोघं त्यांचा श्वास ऐकत बसलो.