सरळ डोलकाठी

वडिलांच्या मचव्याची लाकडी प्रतिकृती करायला मला सात महिने लागले आणि त्या सात महिन्यांत मी थोरल्या भावाला एका शब्दानं कळू दिलं नाही. तो दासगावला राहतो, मी महाडला. रिक्षानं वीस मिनिटांचं अंतर. दर आठवड्याला आमचा फोन व्हायचा. भाताचं, गुडघ्यांचं, नातवंडांचं बोलणं व्हायचं, मचव्याचं नाही. तो या कामात शिरला की मचवा त्याचा होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मालवाहू मचव्यावर तांडेल, म्हणजे मचवा चालवणारे प्रमुख होते. बाणकोटहून सावित्रीच्या खाडीतून कौलं आणि मीठ घेऊन ते दासगावच्या बंदरात यायचे. दादाला त्यांनी बाराव्या-तेराव्या वर्षीच बरोबर न्यायला सुरुवात केली. मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. मला त्यांनी एकदाच नेलं. आंबेतच्या पुढे गेल्यावर मला उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. पुढच्या धक्क्यावर आबांनी मला उतरवलं, एका ओळखीच्या माणसाच्या हवाली केलं आणि त्याला म्हणाले, "हा पाण्याचा नाय." आवाजात राग नव्हता. एखादं लाकूड हातात घेऊन, हे चालायचं नाही, असं म्हणून बाजूला ठेवावं, तसं म्हणाले.

त्याच वर्षी मला पोलादपूरला मामाकडे शाळेसाठी ठेवलं. पुढे तिथल्याच एका सरकारी कार्यालयात चिकटलो, घर महाडला केलं आणि उरलेली नोकरी एसटीनं ये-जा करण्यात गेली. पण लहानपणी सुट्टीत दासगावला आलो की जेवताना जे घडायचं ते अजून डोळ्यांपुढे आहे. आबा आणि दादा वाऱ्याबद्दल बोलायचे, भरतीबद्दल बोलायचे, खाडीत कुठे गाळ साचलाय ते एकमेकांना सांगायचे. मी मध्येच माझे गणिताचे गुण सांगायचो. आबा "बरं" म्हणायचे आणि परत दादाकडे वळायचे.

निवृत्तीनंतर हात रिकामे होते. आमच्या जुन्या तळमजल्यावरच्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा दाराची सागवानी चौकट खालून कुजली होती. वरचा भाग चांगला होता, तो मी टाकला नव्हता. नव्या फ्लॅटच्या गॅलरीत तो नुसता उभा असायचा. एक दिवस तो वखारीत नेऊन त्याच्या पातळ पट्ट्या पाडून आणल्या.

मचव्याचं मोजमाप कुणाकडेच नव्हतं. एक फोटो होता. कुणा पाहुण्यानं धक्क्यावरून काढलेला. मचव्याच्या पुढच्या टोकाशी, नाळेवर, आबा उभे आहेत, त्यांच्या शेजारी कमरेवर हात ठेवून दादा. मी त्या फोटोत नाही, मी तेव्हा पोलादपूरला होतो. आबांची उंची धरून मी त्यावरून सगळा हिशेब मांडला. एका फुटाला अर्धा इंच. आधी कणा केला, त्यावर बरगड्या बसवल्या आणि मग फळ्या. प्रत्येक पट्टी गरम पाण्यात भिजवायची, हलक्या हातानं वाकवायची, चिमटे लावून रात्रभर ठेवायची. पहिल्या पंधरा-वीस पट्ट्या मोडल्या. शीड बायकोनं मांजरपाटाचं शिवलं आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलं. जाळ्याच्या सुतळीचे दोर वळले. सुकाणू तर असं बसवलं की बोटानं फिरवलं की फिरायचं. त्या दिवशी मी एकटाच हसलो. इतकं समाधान मला नोकरीत कधी मिळालं नव्हतं.

मचवा पूर्ण झाला त्याच आठवड्यात बायको फोनवर दादाशी सहज बोलून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुकटीची पिशवी घेऊन तीन जिने चढून आला. दम खाल्ला, चष्मा लावला आणि टेबलाभोवती हळूहळू एक फेरी मारली.

"किती दिवस लागले?"

"सात महिने."

"आणि मला आज कळतंय."

त्यानं सुकाणूला बोट लावून बघितलं. "फिरतंय पण. झ्याक केलास रे." मग म्हणाला, "डोलकाठी तेवढी उभी लागलीय. ती अशी सरळ नसती. पुढं कललेली असती, नाळेकडं."

"फोटोत सरळ आहे."

"फोटो समोरून काढलाय. समोरून सरळच दिसणार."

तो बरोबर बोलतोय हे मला त्याच क्षणी कळलं. तरी मी म्हणालो, "मी सगळं मापात काढलंय दादा. तू आठवणीवर बोलतोयस."

तो खुर्चीत बसला. वाद घातला नाही. चहा पिता पिता तो बाणकोटला खाडीच्या मुखाशी एकदा वारा कसा फिरला ते सांगायला लागला. आबांनी त्याला दोरानं डोलकाठीला बांधलं होतं. "आणि मंग सुकाणू धरून रडत बसले."

"आबा रडले?"

"रडले की. वारा पडल्यावर मला म्हणाले, आईला सांगू नको."

मी साठी ओलांडलेला माणूस. मला जे वाटलं त्याला दुसरा शब्द नाही, तो मत्सर होता. रडणारे आबा मी कधी पाहिले नव्हते. माझ्या वाट्याला फक्त "बरं" म्हणणारे आबा आले. आणि दादानं ही गोष्ट इतकी वर्षं स्वतःजवळ ठेवली होती, माझ्यापासूनसुद्धा. तो गेल्यावर मी डोलकाठीला पॉलिशचे आणखी दोन हात दिले, म्हणजे ती काढायचा प्रश्नच उरायला नको.

पुढच्या महिन्यात महाडच्या वाचनालयात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. तिथे मचवा मधल्या टेबलावर ठेवला होता, खाली माझ्या नावाची चिठ्ठी. मी नवा सदरा घालून शेजारी उभा राहिलो. दादाही आला. तासाभरात माझ्याभोवतीचे लोक त्याच्याभोवती गेले. मीठ कसं भरायचे, ओहोटीला मचवा रुतला तर काय करायचे, चूल कुठे असायची, सगळे त्यालाच विचारत होते. मी लाकडाबद्दल काही सांगायला गेलो तर एक बाई म्हणाल्या, "थांबा हं, यांचं ऐकू द्या."

मग दासगावकडचे एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. उमेदीच्या काळात तेही मचव्यांवर होते. त्यांनी बघताक्षणी सांगितलं, "काठी चुकलीय. अशी उभी काठी कोण लावील?"

दहा-बारा माणसं होती. मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "चुकली नाय. आमच्या आबांनी मुद्दाम उभी करून घेतली होती."

"मी तर कवा बघितली नाय तशी."

"तुम्ही आमच्या मचव्यावर होता का?"

गृहस्थ मान हलवत मागे सरले. दादानं माझ्याकडे बघितलंही नाही, पुढचं सांगायला लागला.

मला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं नाही. मनात आलं, मोठेपणासुद्धा यालाच. आबा याचे, खाडी याची, आणि आता माझी चूक झाकण्याचं पुण्यही याचंच. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेलो आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिलो.

मचवा घरी आणल्यावर मी बारीक करवतीनं डोलकाठी बुडाशी कापली, भोक कोरून मोकळं केलं आणि नवी काठी तासली. बायको दारातून बघत होती. म्हणाली, "आधीच ऐकायचं होतं." दुसऱ्या दिवशी मचवा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षानं दासगावला गेलो.

दादा ओटीवर जाळं शिवत बसला होता. मी नवी काठी त्याच्या हातात दिली. "तूच धर. किती कलायला पाहिजे?"

त्यानं काठी भोकात ठेवली, एक डोळा मिटला. "अजून थोडी. अजून. बस." मी पेन्सिलीनं खूण केली. गोंद धरेपर्यंत त्याला काठी तशीच धरून ठेवावी लागली. मी खालून आधार दिला.

"त्या दिवशी खोटं का बोललास?" मी विचारलं.

"मंग काय करायचं होतं? सगळ्यांपुढं तुझं तोंड पडू द्यायचं?"

थोड्या वेळानं तो आपणहूनच बोलला. "तुला वाटतं मी तिथं मजा करत होतो. हाताला फोड यायचे रे. मिठानं चिघळायचे. तू मामाकडनं इस्त्रीचा सदरा घालून यायचास, तवा मी तुझ्याशी दोन दोन दिवस बोलायचो नाय. आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. मी आपलंच दुःख इतकं धरून बसलो होतो की त्याचं न बोलणं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आबांना सांगायचं होतंस, शाळेत घाला म्हणून."

"सांगितलं होतं एकदा. तर आईला म्हणाले, हा तरी पाण्याचा हाय, याला कशाला." तो हसला. मला हसता आलं नाही.

हे सगळं ऐकूनही माझा मत्सर पुरता गेला असं मी म्हणणार नाही. "मी नि आबा" असं तो म्हणाला की आजही आत कुठेतरी टोचतं. फक्त आता टोचलं की त्याचे फोड आलेले हात डोळ्यांपुढे येतात, आणि मी दुसरा विषय काढतो.

गोंद सुकला. वहिनींनी टीव्हीशेजारचा कोनाडा पुसून रिकामा केला होता. दादा म्हणाला, "ठेवतोस का इथं? पोरं बघतील."

ठेवायला हवा होता. मी म्हणालो, "शिडाचं थोडं काम राहिलंय, ते करून आणतो." शिडाचं काहीही राहिलं नव्हतं. मचवा चादरीत गुंडाळून मी परत आणला. आता तो माझ्या बैठकीत काचेच्या पेटीत आहे. दादा येतो, चहा पितो, पेटीसमोर जरा उभा राहतो आणि जातो. शीड झालं का, असं त्यानं अजून विचारलेलं नाही.