टाकीवरची गुलाबी पट्टी

माझा थोरला भाऊ रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं शेड जुळवायचा. गिऱ्हाइकाने भिंतीचा एखादा टवका पाठवावा आणि दादाने हुबेहूब तोच रंग डब्यात उतरवून द्यावा. कारखान्यात त्याला ‘दुर्बीण’ म्हणायचे. दोन पांढऱ्यांमधला फरक त्याला लांबून कळायचा, आणि कोणी न विचारता तो सांगायची त्याला खोडही होती. त्याचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दिव्याखाली रंग पास करायचा नाही. पत्र्याची पट्टी रंगवायची, वाळू द्यायची आणि खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघायची. दिवा खोटं बोलतो, असं म्हणायचा. त्याच्याबरोबर कापड घ्यायला जायचं म्हणजे नाकी नऊ यायचे. अख्खा तागा काखेत मारून हा भर रस्त्यात उभा, आणि हा पळतोय की काय म्हणून दुकानाचा माणूस मागे उभा.

त्याचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. शेजारी नवी इमारत उठली आणि खिडकीतून हात बाहेर काढला की तिची भिंत लागायला लागली. भरदुपारी दिवा लावायची पाळी. त्या खोलीत वहिनीने पलंगासमोर काचेची एक टाकी मांडली होती, दोन हात लांब. मासे नावाला सात-आठ. तिचा खरा जीव पाण्यातल्या झाडांत. लांब चिमटा आणि वाकड्या टोकाची कात्री घेऊन रोज एकेक पिकलं पान काढायची. मूलबाळ नव्हतं, आणि त्यावरून चुकचुकायला आलेल्या बायकांच्या हातात ती पाणी बदलायची बादली द्यायची. पुन्हा कोणी चुकचुकायला येत नसे.

गेल्या वर्षी टाकीवरची ट्यूब गेली. तसली ट्यूब आता कुठे मिळेना, तेव्हा एलईडीची पट्टी आणायचं ठरलं. वहिनीला त्या दिवसांत थकवा असायचा, अंगाला खाज सुटायची, जेवण जात नव्हतं. वय झालं, असं म्हणून आम्ही सगळ्यांनी ते सोडून दिलं. दुकानात दादा एकटाच गेला. निघताना ती म्हणाली होती, “साधी पांढरी आणा. पिकलेलं पान दिसलं पाहिजे मला.”

दादाने तिच्या लाडक्या लाल झाडाची एक डहाळी पाण्याच्या बाटलीत घालून नेली, नमुना म्हणून. दुकानदाराने दोन पट्ट्या लावून दाखवल्या. पांढरीखाली पान मळकट तपकिरी दिसलं, कडेला शेवाळ. दुसरी गुलाबीसर होती. तिच्याखाली तेच पान लालभडक, घरी आणलं त्या दिवशी होतं तसं.

“घरात शोभा हवी असेल तर ही घ्या, काका,” दुकानदार म्हणाला. “पांढरी सगळे दोष दाखवते.”

दादाने गुलाबी घेतली. वहिनी कोमेजून गेली होती, तिला जरा बरं वाटावं, एवढंच त्याच्या मनात होतं. बाटली घेऊन दुकानाबाहेर उजेडात यायचं त्याला सुचलं नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच.

“मी काय सांगितलं होतं?” असं वहिनी म्हणाली खरी, पण मग तिलाही तो उजेड आवडला. थकव्यामुळे वहिनीचं बाहेर पडणं बंदच होतं, दोघं दिवसभर त्यातच बसायची. खोलीतला दुसरा दिवा लावणंच सोडलं. स्वयंपाकघरात पिवळा बल्ब, तिथे काय, सगळेच पिवळे. मीही पुढच्या दोन महिन्यांत दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा म्हटलं, “वहिनी, तोंडावर तजेला आलाय हो तुमच्या.” हे माझे शब्द. माझी जीभ झडायला हवी होती.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिची नखं फार वाढलेली होती. ती कापून द्यावीत म्हणून तिला बाहेर पायरीवर उन्हात घेऊन बसले. तिचा हात हातात घेतला. हात हळदीसारखा पिवळा. डोळ्यांतलं पांढरंही पिवळं. मी दादाला हाक मारली. तो चष्मा पुसत बाहेर आला, तिच्याकडे बघितलं आणि तिथेच उंबऱ्यात खाली बसला.

पित्ताच्या वाटेवर गाठ होती. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजूत घालायला म्हणाल्या, “आधी आला असतात तरी फार फरक पडला नसता, आजोबा. दोन-तीन महिने जास्त मिळाले असते, एवढंच.”

दादाने मान हलवली. दवाखान्याचा जिना उतरताना मला म्हणाला, “दोन-तीन महिने कमी असतात का गं?”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो दारात जाऊन उभा राहिला आणि पांढरी पट्टी घेऊन आला. तिच्या उजेडात कळलं, अर्धं लाल झाड कुजलेलं होतं, दगडांवर शेवाळाची काळी लव चढलेली. पण दादा टाकीकडे बघतच नव्हता. खुर्ची ओढून तो वहिनीसमोर बसायचा आणि डोळ्यांत तेल घालून तिचा रंग बघायचा. काल होती त्यापेक्षा जास्त पिवळी की कमी. तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवायचा. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

असे सात-आठ दिवस गेले. एका दुपारी मी तिला चमच्याने पाणी पाजत होते. ती म्हणाली, “अहो, ती आधीची पट्टी टाकलीत का?”

“आहे. का गं?”

“ती लावा परत.”

“अगं, तिच्यात खरं काही दिसत नाही.”

“काय दिसायचं ते दिसलं सगळं. तुम्ही माझा पत्रा करून टाकलाय. नुसते बघत बसता. माझ्याशी बोलत नाही की काही नाही.”

दादा स्टुलावर चढला. दोन स्क्रू काढून परत बसवायला त्याला खूप वेळ लागला, मी हात लावू गेले तर लावू दिला नाही. मग खोली पुन्हा गुलाबी झाली. वहिनी निरोगी दिसायला लागली, आणि ती तशी नाही हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तिने सरकून जागा केली. दादा तिच्या शेजारी पलंगावर बसला.

“हं,” ती म्हणाली. “आता बोला काहीतरी.”



“टाकीचं पाणी बदलायला झालंय,” एवढंच तो कसंबसं म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला.