मामांचा कान आणि माझा हेडफोन

माझ्या हातून जे झालं ते सांगायचं तर आधी घोटभर चहा पाहिजे. सांगून सांगून दमलोय, तरी जो येतो तो विचारतोच, "ते हेडफोनचं काय झालतं हो?" बसा. सांगतो.

ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर. दिवसभर नुसती धडधड. घरी आलो की अंगात त्राण नसायचं. तेवढ्यात मस्कतचे साडू सुट्टीवर आले आणि त्यांचा जुना टेपरेकॉर्डर अन् हेडफोन मला देऊन गेले. हेडफोन कसला, नारळाच्या करवंट्यांएवढ्या दोन वाट्या! पण कानाला टेकणाऱ्या गाद्यांचा स्पंज झडलेला, वायर दोन्हीकडं तुटायला आलेली.

मला दुरुस्तीची भारी हौस. रविवारी उघडला. प्रत्येक वाटीत एक छोटा स्पीकर, त्याला पातळ पडदा, मागं तारा जोडायची दोन टोकं. नवी वायर आणली, तर दोन्ही तारा तांबड्याच! कुठली कुठं लावायची? म्हटलं, करंटला काय कळतंय! दिलं सोल्डर मारून.

मग सुशीलाकडनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींकडनं, मखमलीचा तुकडा आणि कापूस घेतला. साडूंनी बजावलं होतं, "वाटी कानाला नीट बसली न्हाय की फटीतनं खर्ज निघून जातो. मृदंग पत्र्यावर बडवल्यागत वाजतो." मी कापूस असा ठासला की फट शोधून सापडू नये. लावला, ऐकला. झकास!

पहिला मान मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना. मामा भजनी मंडळाचे म्होरके. त्यांच्याच भजनाची कॅसेट लावली. मामांनी डोळे मिटले. मग एक उघडला.

"जावईबापू, माझा आवाज कुठाय?"

"गाताय की तुम्ही!"

"गातोय, पण डोक्याच्या मागनं! आणि मृदंग का घुमंना?"

मी लावून बघितला. ठणठणीत! पुन्हा मामांना दिला. पुन्हा तेच. आता माणसानं गप्प बसावं की नाही? पण मी डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणालो, "मामा, वाईट वाटून घेऊ नका. यंत्र बरोबर हाय. तुमचा कान गेला."

मामांनी हेडफोन काढून ठेवला. चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी शेजारचे शिंदे मास्तर आले. दोन मिनिटं ऐकून मागं वळून बघायला लागले. "गाणारा माझ्या पाठीमागं उभा हाय काय?"

"मास्तर, तुम्हीबी कान दाखवून घ्या."

मग सुशीलानं लावला. "अहो, मलाबी मागनंच ऐकू येतंय. हे यंत्रच बिघडलंय."

"यंत्राला काय झालंय? तुझ्या माहेरचं दुखणं हाय हे. वडलांचं तुझ्यात उतरलंय!"

गुरुवारी तीच माहेरहून डोळे पुसत आली. मामांनी मंडळ सोडलं होतं. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली. म्हणाले, "मलाच माझा सूर कळंना, तर देवाला कशाला तरास?" दोन दिवस धड जेवले नव्हते.

शनिवारी रजा टाकली, मामा, मास्तर, सुशीला, तिघांना घेऊन कानाच्या डॉक्टरकडं. पुरावा म्हणून टेप आणि हेडफोन पिशवीत!

डॉक्टरांनी तिघांना तपासलं. "उत्तम कान आहेत. आजोबांचे तर विशीतल्या पोराला लाजवतील."

"असं कसं?" मी भांडायलाच उठलो. "तिघांनाबी गाणं मागनं ऐकू येतंय! तुम्ही लावून तरी बघा!"

डॉक्टरांनी लावला. त्यांचा चेहरा बदलला. "अहो, मलाही मागनंच ऐकू येतंय. माझाही कान गेला म्हणायचा का? हा उघडला कुणी होता?"

तीन बोटं माझ्याकडं.

"एका बाजूच्या तारा उलट्या जोडल्यात तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "एक पडदा पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातोय. दोन्ही कानांचा मेळ बसत नाही. मग मधला आवाज हरवतो आणि खर्ज पोकळ होतो."

मामा ताडकन उठले. तिथंच, दवाखान्यात, असा खडा सूर लावला की बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले! मास्तरांनी टेबलावर ठेका धरला. सुशीला रडत हसत होती. मी आपला भिंतीवरचं कानाचं चित्र बघत उभा.

तिथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण जीभ कुठली गप्प बसायला? म्हणालो, "पण डॉक्टर, मला तर झकास ऐकू येतंय!"

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "बसा जरा खुर्चीवर." कान तपासायचा चिमट्यासारखा लोखंडी काटा वाजवून माझ्या डाव्या कानाशी धरला. "ऐकू येतंय?"

"वाजवा की मग!"

"वाजतोय," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "कामावर मशीन कुठल्या बाजूला असतं तुमच्या?"

"कंप्रेसर हाय. डावीकडं. बारा वर्षं."

"डावा कान जवळजवळ बंद आहे तुमचा. एकाच कानानं ऐकणाऱ्याला दोन पडद्यांचं भांडण कळणार कसं?"

ज्यानं तिघांचे कान घालवले, त्याचाच गेलेला! पायऱ्या उतरताना मामा मिशीत हसत होते.

रस्त्यावर आल्यावर सुशीला वळसा घालून माझ्या उजवीकडं आली.

"म्हणजे रोज जेवताना मी डाव्या अंगाला बसून बोलते, त्यातलं तुम्हाला काय ऐकूच येत नव्हतं?"

"कधी बोलत होतीस?"

"आणि मी माहेरी सांगत हुते, नवरा लई सोशिक हाय, कितीबी बोला, उलट शब्द न्हाय!"

"मीबी चार लोकांत तसंच सांगितलंय की," मामा म्हणाले.

त्या दिवसापासनं सुशीला जेवताना उजवीकडं बसते. आणि मागचं सगळं राहिलेलं, पहिल्यापासनं, रोज थोडं थोडं सांगते.