सुप्याचे रशीदभाई बॅटरीवाले

रशीदभाई सेल तपासायला मीटर वापरत नसत. चौकोनी सेल जिभेला लावायचे आणि निकाल द्यायचे, "हा हाय जित्ता." किंवा, "हा गेला. माती द्या."

सुपा फाट्यावर त्यांचं बॅटरीचं दुकान होतं. माझ्या गाडीची बॅटरी उतरली तेव्हा ओळख झाली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो हे कळल्यावर त्यांनी बॅटरीची बुचं उघडून मला आत पाहायला लावलं. आत ठणठणीत कोरडं. "सर, पोरांना काय शिकवता वो? सोताच्या बॅटरीला पानी न्हाई."

अकरा वर्षं मी फळ्यावर विद्युतघटाची आकृती काढत होतो. घट एकदाही करून दाखवला नव्हता. लाज वाटली, म्हणून त्यांनाच वर्गावर बोलावलं. प्राचार्यांनी शिक्षण विचारलं. "सातवी नापास. पन माझी बॅटरी पास व्हती."

त्यांनी चार ग्लास मांडले. दोहोंत जस्ताच्या क्षाराचं पाणी आणि जस्ताची पट्टी, दोहोंत मोरचुदाचं पाणी आणि तांब्याची. असे दोन घट तारेने जोडून त्यांवर भिंतीवरचं घड्याळ चालवलं.

"जस्त सोताला झिजवतं अन् इलेक्ट्रॉन तारेनं तांब्याकडं धाडतं. तांब्याची पट्टी बसल्या जागी जाड व्हती. घराघरात हेच हाय." मुली हसल्या.

प्रत्येक घटाच्या दोन ग्लासांना जोडणारी, मिठाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी होती. एक चिंधी त्यांनी उचलली. घड्याळ थांबलं. "मधला मानूस उठला, सोयरीक मोडली." चिंधीचा तो क्षारसेतू त्या वर्षी कुणालाच पाठ करावा लागला नाही.

दोन वर्षांनी त्यांचे हात कापू लागले. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं उघड्यावर वितळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते रक्तात उतरलंय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी भट्टी मोडली आणि ते रस्त्यावरच्या इतर बॅटरीवाल्यांकडे भट्टी बंद करा म्हणत फिरू लागले. थरथरता हात पुढे करायचे. "हा मीटर बघा. काटा कसा हलतोय."

दोघांनी ऐकलं. तिसऱ्याने चहा पाजून वाटेला लावलं.

"चहा लई गोड हुता," रशीदभाई मला म्हणाले. "उद्या परत जातो."

महिनाभर रोज गेले. त्यानंतर फार जगले नाहीत. दफनविधीला तो तिसरा दुकानदार माझ्या शेजारीच उभा होता. म्हणाला, "भट्टी बंद केली, सर. चाचा मानूस ऐकनारा नव्हता."