जबाबात आई ठणठणीत

माझ्या भावाने माणूस मारला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी डोळे वटारायला नकोत. जाळ्यावरून भांडण झालं, भर दुपारी, किनाऱ्यावर, आणि याने वल्हं उचललं. मेला तो शेजारच्या वाडीतला, बायको आणि दोन मुली मागे टाकून. भावाला जन्मठेप झाली. तो घाटावरच्या तुरुंगात, मी देवगडात दिलेली, आणि तोंडवलीच्या घरात आई एकटी.

जन्मठेपेचा कैदीही मधूनमधून काही दिवस घरी येऊ शकतो, हे मला वकिलाने सांगितलं. नीट वागून काही वर्षं काढली की मिळते ती फर्लो. घरात मोठं आजारपण किंवा मरण आलं तर मिळतो तो पॅरोल. देणारे साहेब वर कुठेतरी बसतात, आपल्याला जन्मात दिसत नाहीत. ते पोलीस ठाण्याला विचारतात, ठाणं हवालदाराला पाठवतं, आणि हवालदार येऊन आपल्या पडवीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. तो काय लिहून नेतो त्यावर सगळं.

पहिला अर्ज फर्लोचा होता. हवालदार आला तेव्हा आई तापाने पडलेली, घरात पसारा, चुलीवर काही नाही. नकार आला तो मीच तिला वाचून दाखवला: घरात वृद्ध व आजारी आई एकटीच असून कैद्यावर लक्ष ठेवणारे कोणी नाही. आईने तो दोनदा वाचायला लावला. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. ती तो पाठ करत होती, हे मला तेव्हा कुठे कळायला!

पुढच्या वर्षी तिच्या हृदयाने दगा दिला. पाय सुजून खांबासारखे झाले. आडवं पडलं की श्वास लागायचा, म्हणून उशांना टेकून बसायची. मालवणच्या डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं, "आता महिन्यांच्या हिशेबाने बघा." मी घर नवऱ्यावर टाकून आईकडे राहायला आले आणि दुसरा अर्ज केला, पॅरोलचा. सरकारी डॉक्टरचा दाखला जोडला. नवरा जामीन राहिला. आईची एकच इच्छा होती, झिलाला, आपल्या लेकाला, एकदा डोळ्यांनी बघायचं. त्या एका बघण्यासाठी मी कुठे कुठे तोंड वेंगाडलं ते माझं मला ठाऊक.

मला खरी भीती होती ती त्या मेलेल्या माणसाच्या बायकोची. तिलाही विचारतात, कैदी गावात आला तर हरकत आहे का म्हणून. तिने नाही म्हटलं असतं तर मी कोणत्या तोंडाने बोलणार होते? पण तिने हरकत नाही असं लिहून दिलं. बाजारात भेटली तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "येऊंदे. आवशीक बघूंदे. माझ्या चेडवांका बापूस शेवटचो धड बघूक गावलो नाय." मी तिथेच रडले, मासेवालीसमोर.

आता फक्त हवालदार येऊन आईला बघून जायचा होता. मी तिला बजावलं, "पडून ऱ्हव. काय्येक करू नको." ती बरं म्हणाली. एवढ्या सहज बरं म्हणणारी ती बाई नव्हे, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

त्या दिवशी सकाळी मी दूध आणायला गेले. परत येते तर दारात मोटारसायकल. पडवी झाडलेली. आई खुर्चीत बसलेली, चतुर्थीला नेसते ते लुगडं नेसून, केसांत अबोलीचा वळेसर! हवालदाराच्या हातात चहाची कपबशी, पुढ्यात खाजं. आणि आई हसत होती.

"माका काय धाड भरली नाय," ती त्याला सांगत होती. "मी घट आसय. झिल इलो तर त्येका रांदून घालीन, धाकात ठेवीन. माझ्या शब्दाभायर जावचो नाय तो."

माझ्या हातातलं दूध सांडलं. "साहेब," मी म्हटलं, "तिचं काही ऐकू नका. तिचे पाय बघा." आईने लुगड्याचा काठ पावलांवर ओढला आणि माझ्यावरच डाफरली, "गप ऱ्हव गो! ह्या चेडवाक लहानपणापासून रडूची सवय."

त्याने लिहिलं, वाचून दाखवलं. आईने खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर कोरून. मोटारसायकल वळणाआड गेली आणि ती खुर्चीतच कलंडली. ओठ निळे पडले होते. मी तिला आत ओढून नेलं आणि गोळी दिली. तिची धाप जरा बसल्यावर ओरडले, "काय केलंस तू ह्या?"

"अगो, घर बघूक येतत ना ते?" ती म्हणाली. "सोयरिकीक येतत तशे. गेल्या खेपेक काय लिवला हुता? आवस म्हातारी, आजारी, सांभाळूक कोण नाय. म्हणान सोडूक नाय त्येका. आता मी घट आसय म्हणान सांगलंय. आता सोडतीत."

कपाळ माझं! पहिल्या वेळी आजारी म्हणून नाही, आणि आता आजारी आहे तरच हो, हे तिला कुणी सांगितलं होतं? मी सांगायला हवं होतं. पडून राहा म्हटलं, कशासाठी ते सांगितलंच नाही.

मी ठाण्यावर धावले. हवालदार माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, मी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. खाली त्यांची सही आहे. आता मी काय करू?" मी लेखी अर्ज दिला. तो कुठल्या फायलीत पुरला गेला, देव जाणे. नकार आला. त्यात होतं: प्रत्यक्ष भेटीत कैद्याची आई हिंडतीफिरती व प्रकृतीने ठणठणीत दिसून आली, त्यांनी स्वतः चहा करून दिला. चहासुद्धा लिहिला होता!

अंगाचा नुसता तिळपापड झाला. राग काढायला समोर होतं कोण? आई. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, "तू मेलंस ना, की सोडतीत त्येका. एका दिवसात सोडतीत. त्या कागदावर कोण शंका घेवचो नाय!"

ती रागावली नाही. तिने विचारलं, "खरा? मेल्यार सोडतत?"

मी भांडी आपटत बसले.

वकील म्हणाला, हायकोर्टात जाऊ, वेळ लागेल. मी कागद जमवत राहिले. आई माझ्या हातून गोळ्या घ्यायची, माझ्यासमोर पाणी प्यायची, मग पानाचा डबा जवळ ओढायची. तरी पायांवरची सूज मांड्यांपर्यंत चढली. डॉक्टरने गोळ्या वाढवल्या. ती त्याही घ्यायची. मग एका दुपारी, मी भात वेळून पेज काढत असताना, तिने मला हाक मारली आणि मी पोचेपर्यंत ती गेली.

पॅरोल मिळाला. डॉक्टरने दिलेल्या मृत्यूच्या दाखल्याचा फोटो मोबाइलवरून गेला, ठाण्याचा एक फोन गेला, आणि संध्याकाळी मंजुरी. पडवीत येऊन कुणी चौकशीसुद्धा केली नाही. आईला आम्ही मासळीच्या बर्फात ठेवलं. बर्फाला जागा करायला तिच्या उशाशी असलेलं सामान बाजूला सारताना तिचा पानाचा डबा माझ्या हातून निसटला आणि उघडला. सुपारीच्या खाली गोळ्या होत्या. पांढऱ्या, पिवळ्या, काही तोंडात भिजून अर्ध्या विरघळलेल्या. मी डबा तसाच मिटला आणि ओच्यात धरून बसले.

भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पिकलेलं डोकं, बरोबर दोन पोलीस. आईच्या पायांशी बसला. ते पाय बघून त्याने तोंड फिरवलं. मग मला विचारलं, "गो, शेवटाक लय तरास झालो काय तिका?"

डबा माझ्या मांडीवर होता.

"नाय रे," मी म्हटलं. "बरी होती."