खोट सांगा, मग चहा

कुठलीही वस्तू समोर आली की काका आधी मधलं बोट दुमडून तिच्यावर टकटक करत आणि डावा कान जवळ नेत. उजवा कान तीस वर्षांच्या ठोक्यांनी गेला होता. ऐकून झालं की मान वर करून सगळ्यांकडे पाहत आणि म्हणत, "हं. खोट सांगा, मग चहा."

बाळांनो, तुमच्या नव्या कामाचे फोटो मिळाले. आजी, कसं वाटलं, असं तुम्ही विचारलंत आणि मी उलट टपाली 'फार छान' असं लिहून मोकळी झाले. पत्र पेटीत पडल्यापासून मला चैन नाही. हेच शब्द मी पूर्वी एकदा एका माणसाला म्हटले होते. त्या माणसाबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे.

ते तांबट होते. नाशकात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तांबट आळी होती. सकाळी तिथे ठोके सुरू झाले की आमची घड्याळाकडे बघायची गरज संपायची. काकांचं काम बंब करण्याचं. गेल्या खेपेला मी तुम्हाला माळ्यावरून काढून दाखवला होता तो बंब त्यांच्याच हातचा. तांब्याचं उभं पिंप, मधून विस्तवाची नळी, भोवती पाणी, खाली तोटी. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. शिक्षण मराठी तिसरीपर्यंत, पण बोलताना शब्द मोजून वापरत.

तुमचे आजोबा शाळेत सायन्स शिकवत. देशात तेव्हा सभा, मिरवणुका, अटका चालू होत्या. जो तो स्वराज्याबद्दल बोलत होता. आजोबा म्हणत, स्वराज्य येईल, पण ते आल्यावर माणसांनी पाणी कुठून आणायचं, कापड कसं विणायचं, हे आतापासून कुणीतरी बघायला हवं. म्हणून दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या ओसरीवर ते लोकांना बोलावत. नाव ठेवलं होतं 'उद्याची बैठक'. ज्याच्या डोक्यात काही नवं आलं असेल त्यानं ते करून आणायचं आणि सगळ्यांपुढे मांडायचं.

मी बी. ए. झालेली. इंग्रजी मासिकांतली यंत्रांची माहिती मराठीत सांगायला मला तिथे बसवलं होतं. पुरुषांच्या बैठकीत बाई बसते हे आळीला रुचलं नव्हतं. मग मी हातात वही घेतली, तेव्हा कुठे माझं बसणं लोकांना समजलं. वहीत मी तीन रकाने आखले होते: वस्तू, खोट, पुढे काय. पहिला मी भरायची, दुसरा बैठक भरायची आणि तिसरा नेहमी काका सांगत.

खोट सांगितल्याशिवाय चहा नाही, हा नियमही त्यांचाच. "आपल्या वस्तूतली खोट आपल्याला दिसत नाही," ते म्हणायचे. "दिसली असती तर घरीच बसलो असतो."

पहिल्या दिवशी हरसूलकडचा एक गावकरी आला होता. तो ओसरीवर न येता खालच्या पायरीवर बसला आणि आम्हीही, लाज वाटते सांगायला, त्याला वर बोलावलं नाही. काका आले, उभ्याउभ्याच सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बैठकीचीच खोट सांगू का? पातळी चुकली आहे. सगळं एका अंगाला वाहून जाईल." मग ते स्वतः त्या पायरीवर जाऊन बसले. आजोबा उठून खाली गेले. पुढच्या रविवारी सतरंजी अंगणात घातली होती आणि सगळे तिच्यावर होते.

त्या गावकऱ्यानं डोंगरातल्या झऱ्याचं पाणी गावात आणायला बांबूची पन्हळ केली होती. "पानी येतं गावापावेतर," तो म्हणाला, "पर सांध्यात गळतं. निम्मं वाटंतच जातं." काकांनी बांबू वाजवून पाहिला, सांध्यावर बोट फिरवलं आणि वहीकडे वळून म्हणाले, "बाई, लिहा. तांब्याची कडी." महिन्याभरात त्यांनी कड्या करून दिल्या. पावसाळ्यानंतर तो गावकरी परत आला, तांदळाचं गाठोडं सतरंजीवर ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "आता बाया डोंगर चढत नाय."

मालेगावचे एक चाचा महिन्यातून एकदा यायचे. विणकर. मागाला पायानं चालणारी एक पट्टी जोडायचा त्यांचा खटाटोप चालला होता आणि दर खेपेला काका तिच्यात नवी खोट काढायचे. एकदा चाचा वैतागून म्हणाले, "काका, तुम्ही खोट सांगताय की दुश्मनी काढताय?"

"दुश्मन असतो तर छान म्हणालो असतो," काका म्हणाले. चाचा हसून पाठीवर आडवे झाले.

तुमच्या बाबांच्या बारशालाही ते आले होते. बाळाला पाहायच्या आधी त्यांनी पाळणा वाजवला. "पोरगा बघा आधी, पोरगा," बायका ओरडल्या. "पोरगा ठीक आहे," काका म्हणाले, "डावीकडची कडी सैल आहे." ती खरंच सैल होती. तुम्ही आज आहात यात त्या टकटकीचाही वाटा आहे, असं मी गमतीनं म्हणते.

त्यांच्या घरी मात्र वेगळं चित्र होतं. काकूंचे डोळे बारा महिने लाल. छोटं अंधारं स्वयंपाकघर, ओली लाकडं, धूर जायला वर एक कौल सरकवलेलं. बोलताना त्यांना मध्येच खोकल्यासाठी थांबावं लागे. मी हळदीकुंकवाला गेले की त्या हसत म्हणायच्या, "ह्यांना गावाच्या वस्तूंतली खोट दिसते. घरातली चूल तेवढी दिसत नाही." आम्ही सगळ्याजणी हसायचो. तीन हिवाळे असे हसण्यात गेले. चौथ्या हिवाळ्यात खोकला छातीत उतरला आणि त्या गेल्या.

मी भेटायला गेले तेव्हा काका चुलीसमोर बसले होते. चूल पेटलेली नव्हती. "बाई," ते म्हणाले, "ती बरोबर बोलत होती. मला दिसली नाही."

तीन आठवडे तांबट आळीतल्या ठोक्यांत त्यांचे ठोके सर्वांत आधी सुरू व्हायचे. चौथ्या रविवारी ते बैठकीला येणार असल्याचा निरोप आला. आजोबा फाटकात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात सांगत राहिले, आज खोट नको, बिचाऱ्याला महिनाही झालेला नाही. मलाही तसंच सांगितलं. आम्हाला ती माणुसकी वाटली.

काकांनी आणलेली वस्तू सुंदर होती, हे मला आजही म्हणावं लागतं. बंबासारखीच, पण बुटकी चूल. मधे विस्तव, भोवती तांब्याच्या दोन भिंतींमध्ये पाणी. धूर एका धुराड्यातून घराबाहेर जायचा. पाण्याची वाफ एका बारीक नळीतून वरच्या डब्यात जायची आणि त्या वाफेवर भात शिजायचा. पाणी भरायला बाजूला फिरकीचं बूच होतं. त्यांनी तिथेच चार काटक्या पेटवून दाखवल्या. सतरंजीवर कुणाला धुराचा वासही आला नाही.

मग त्यांनी चूल वाजवली, डावा कान नेला, मान वर केली. "खोट सांगा."

चाचा आपल्या टोपीचा काठ चाचपत राहिले. आजोबा म्हणाले, "काका, आज खोट नाही सापडत." काकांनी एकेकाकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही?"

मला खोट दिसली होती. आमच्या आडाचं पाणी जड. दोन महिने झाले की बंबाच्या तोटीत पांढरा खार साचायचा आणि मी स्वेटरच्या सुईनं ती मोकळी करायची. ती बारीक नळी पाहताक्षणी मला माझी सुई आठवली. ही नळी खारानं बंद झाली तर वाफ कुठे जाईल, हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. एरवी काकांनाच तो पहिल्यांदा सुचला असता, आळीतल्या तुंबलेल्या तोट्या त्यांच्याकडेच यायच्या. पण ही चूल त्यांनी काकूंच्या आठवणीत केली होती आणि तिच्यातलं त्यांना काही दिसत नव्हतं. म्हणून तर ते विचारत होते.

मी म्हटलं, "नाही, काका. फार छान आहे."

मला वाटतं, त्यांना आश्चर्य वाटलं. मग म्हणाले, "बरं." 'खोट' या रकान्यात मी एक छोटी आडवी रेघ मारली आणि सगळ्यांना चहा दिला. बाळांनो, तुमचे फोटो मी पुन्हा भिंगाखाली घेऊन बसले आहे, त्याचं कारण ती रेघ.

काकांनी अशा पाच चुली केल्या. चार आळीतल्या घरांत दिल्या, एक स्वतःकडे ठेवली. त्यांची थोरली बहीण, आक्का, सिन्नरहून येऊन त्यांचं घर सांभाळत होती. अडीच महिने सगळं ठीक चाललं. आळीतल्या बायका रस्त्यात मला थांबवून चुलीचं कौतुक सांगायच्या आणि मी हो हो म्हणून पुढे जायची. रोज ठरवायची की काकांना सांगू. मग वाटायचं, चाललंय तर खरं.

एका सकाळी भात शिजेना म्हणून आक्कांनी पाणी संपलं की काय ते बघायला बूच फिरवलं. आत कोंडलेली सगळी वाफ बाहेर आली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि गालाची एक बाजू. डोळा वाचला.

पुढच्या रविवारी काका आले. चूल सतरंजीवर ठेवली, नळी काढली आणि तळहातावर आपटली. पांढरी भुकटी पडली.

"बाई, हा खार तुम्हाला ठाऊक होता?"

"हो."

"त्या दिवशी?"

"हो, काका."

आजोबा पुढे होऊन म्हणाले, की दोष त्यांचा आहे, त्यांनीच सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं होतं, काकांचं दुःख ताजं होतं म्हणून. काकांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"माझ्या घरचं माणूस गेलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही सगळे तर होतात ना?"

चहा झालेला होता. त्यांनी घेतला नाही. त्याच संध्याकाळी चारही घरांतल्या चुली त्यांनी परत नेल्या.

बैठक त्यानंतर तीन रविवार भरली. कुणी काही मांडलं की आम्ही एकमेकांकडे पाहायचो. खोट सांगण्याचा अधिकार आपल्याला राहिलेला नाही असं प्रत्येकाला वाटत असावं. चौथ्या रविवारी मी सतरंजी घातली नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मी एकदा त्यांच्या दुकानावर गेले. माफी मागायची होती. ते ठोकत होते. मी बोलत राहिले आणि बरंच बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते उजवा कान माझ्याकडे करून बसले आहेत. मी परत आले. नंतर रस्त्यात भेटले की ते नमस्कार करायचे. बोलणं नाही. बंब करतात एवढंच कानावर यायचं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ते गेले. मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, सातला ठोके सुरू झाले आणि त्यांत काहीतरी कमी वाटलं तेव्हा.

पंधरा दिवसांनी आक्का आल्या, मागे हमालाच्या डोक्यावर एक चूल. तीच, आणि ती नव्हेच. नळी आता अंगठ्याएवढी जाड होती आणि हातानं काढता येत होती. बुचाला साखळीनं एक लांब सुई लटकवलेली होती. वरच्या डब्याचं झाकण नुसतं टेकलेलं, वाफ जास्त झाली की आपोआप उचललं जाईल असं. चार वर्षं ते हेच करत होते.

"त्यानं सांगून ठेवलंय," आक्का म्हणाल्या. "बाईंकडे द्यायची. आठ दिवस वापरायची. मग विचारायचं."

आठ दिवस मी तिच्यावर दोन्ही वेळचा स्वयंपाक केला. नवव्या दिवशी आक्का आल्या, पाटावर बसल्या. भाजलेल्या हाताचं एक बोट पुरतं सरळ व्हायचं नाही. त्याच बोटानं त्यांनी चूल वाजवली आणि माझ्याकडे पाहिलं. "खोट सांगा."

मी म्हटलं, "तोटी फार खाली आहे. तपेलं खाली मावत नाही."

"अजून?"

"विस्तवाच्या दाराची कडी तापते. पदर धरावा लागतो."

"अजून?"

मी म्हटलं, अजून काही सापडलं नाही, आणि चहा ठेवायला उठले.

"बसा," आक्का म्हणाल्या. "तो म्हणायचा, बाई तीन काढतील. आधी तिसरी."

मी बसले. चुलीकडे बघत राहिले, मग धुराड्याकडे, मग ते भिंतीतून जिथे बाहेर जातं तिकडे. पलीकडून शेजारच्या वहिनींनी खोकत खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला.

"आक्का," मी म्हटलं, "माझ्या घरातला धूर त्यांच्या घरात जातोय."

आक्का उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "हे त्याला सुचलं नसतं," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले. मग आम्ही दोघींनी चहा घेतला.

त्या गेल्यावर मी ट्रंकेतून वही काढली. वस्तू: चूल. खोट: तिन्ही, एकाखाली एक, नीट अक्षरात. 'पुढे काय' या रकान्यापाशी टाक टेकवून मी थोडा वेळ बसले. तांबट आळीत ठोके चालू होते. तो रकाना नेहमी काका सांगत आणि मी लिहून घेत असे.